गॅरेजच्या खोलीत दर हिवाळ्यात परतणारी ओल आणि नसलेले प्रमाणपत्र

इंग्लंडमध्ये साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या पुष्कळ घरांना लागून एका गाडीपुरते गॅरेज असते, आणि आजच्या गाड्या त्यात मावत नसल्यामुळे किंवा घरात माणसे वाढल्यामुळे त्याची कधीतरी खोली केलेली असते. या खोलीची तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. नोव्हेंबर लागला की पूर्वी जिथे गॅरेजचे दार होते त्या भिंतीच्या तळाशी, स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीचा ओलसर पट्टा उमटतो, रंगाला पोपडे धरतात, कोपऱ्यात काळी बुरशी येते; मार्चनंतर सगळे सुकते, उन्हाळ्यात घरमालक बुरशीनाशक फवारून नवा रंग देतो, आणि पुढच्या नोव्हेंबरात पट्टा पुन्हा तिथेच उभा असतो. असे चार-पाच हिवाळे गेल्यावर घर विकायची वेळ येते, खरेदीदाराचा सॉलिसिटर (व्यवहार पाहणारा वकील) या खोलीचे बिल्डिंग रेग्युलेशन्सचे, म्हणजे बांधकामाच्या नियमांचे, पूर्णत्व प्रमाणपत्र मागतो, आणि ते कधी घेतलेच नव्हते असे लक्षात येते.

या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ज्या ठेकेदाराने कौन्सिलला, म्हणजे स्थानिक नगरपालिकेला, न कळवता काम केले, त्याने कौन्सिलचा बांधकाम तपासनीस ज्या गोष्टी पाहतो त्याच गोष्टी गाळलेल्या असतात, आणि त्या गाळल्यामुळेच भिंत ओली होते. म्हणून भिंत दुरुस्त करण्याचा आणि प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग बहुतांशी एकच असतो, मात्र कामांचा क्रम चुकला तर तोच खर्च दोनदा करावा लागतो.

आमचे घर सत्तरच्या दशकातले जोडघर आहे. खोली आधीच्या मालकाने करून घेतली होती आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांना जिना चढावा लागू नये म्हणून आम्ही ती त्यांना दिली होती. एका डिसेंबरात आईने पलंगाखालची सतरंजी उचलली तेव्हा तिची खालची बाजू ओली होती आणि तिला कुबट वास येत होता. मी स्कर्टिंगची पट्टी सोडवली, तिच्या मागच्या जिप्सम बोर्डाचा हातभर तुकडा कापून काढला, आणि पाहिले तर बोर्डाच्या पाठीचा कागद काळा पडलेला, बोर्ड थेट बाहेरच्या विटेवर चिकटवलेला, आणि जमिनीच्या चिपबोर्डची कड इतकी मऊ झालेली की स्क्रूड्रायव्हर न दाबता आत गेला. पुढचे सगळे मी त्या हातभर भोकापासून शिकलो.

कौन्सिलला फोन करण्याआधी

येथे लिहिले आहे ते इंग्लंडपुरते आहे. वेल्सची पद्धत बरीचशी अशीच असली तरी तिथले नियम आणि आकडे स्वतंत्र आहेत, आणि स्कॉटलंडमध्ये बिल्डिंग वॉरंटची निराळीच व्यवस्था आहे.

पुढे जायला दोन वाटा आहेत आणि त्यांतली कोणती घ्यायची हे कौन्सिलशी बोलण्यापूर्वी ठरवावे लागते. पहिली वाट विम्याची. विक्रीच्या वेळी सॉलिसिटर इन्डेम्निटी पॉलिसी सुचवतो. एक रकमी हप्ता भरला की मंजुरी नसल्यामुळे कौन्सिलने पुढे कारवाई केली तर तिचा खर्च विमा कंपनी सोसते. परंतु कौन्सिलला या कामाबद्दल कोणी एकदा विचारणा केली असेल तर ही पॉलिसी सहसा मिळत नाही, त्यामुळे ‘सहज माहिती विचारतो’ म्हणून केलेला फोनसुद्धा ही वाट बंद करतो. दुसरी वाट रेग्युलरायझेशनची, म्हणजे झालेले काम कौन्सिलला दाखवून, लागेल ती दुरुस्ती करून प्रमाणपत्र घेण्याची.

माझे मत स्पष्ट आहे. खोली कोरडी असेल, तिच्यात कोणी झोपत नसेल आणि विक्री तीन आठवड्यांवर आली असेल तर विम्याची वाट समजण्यासारखी आहे. पण आपण त्या घरात राहणार असू, त्यातही त्या खोलीत म्हातारी माणसे किंवा मुले झोपणार असतील, तर पॉलिसीने भिंत सुकत नाही आणि आग लागली तर खिडकी उघडत नाही. पॉलिसी कारवाईच्या खर्चाची असते, दुरुस्तीची नसते.

कारवाईच्या भीतीबद्दल थोडेसे. काम पूर्ण झाल्यानंतर ते पाडायची किंवा बदलायची नोटीस देण्याची कौन्सिलची मुदत पूर्वी एक वर्ष होती. इमारत सुरक्षेच्या २०२२ च्या कायद्याने ती १ ऑक्टोबर २०२३ पासून दहा वर्षांवर नेली. फार जुन्या कामांना हा नोटिशीचा धोका उरलेला नसला तरी बांधकाम धोकादायक असेल तर कौन्सिल न्यायालयातून मनाई हुकूम आणू शकते, आणि खरेदीदाराचा सॉलिसिटर तर मुदत संपली म्हणून प्रश्न विचारायचे थांबवत नाही.

नियमितीकरण म्हणजे दंड भरणे नव्हे

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकासाठी हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा लिहितो. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यापासून आपल्या मनात ‘नियमितीकरण’ या शब्दाचा अर्थ प्रशमन शुल्क भरणे आणि दाखला घेणे असा बसलेला आहे. इथल्या रेग्युलरायझेशनमध्येही शुल्क असते आणि ते नेहमीच्या अर्जापेक्षा जास्त असते, पण ते शुल्क तपासणीचे असते. बांधकाम नियमांत बसले नाही तर शुल्क भरूनही प्रमाणपत्र नाकारले जाते. तपासनीस भिंत उघडायला सांगू शकतो, जमिनीत भोक पाडायला सांगू शकतो, पायाशेजारी खड्डा खणायला सांगू शकतो, आणि ते सगळे आपल्या खर्चाने करावे लागते.

ही सोय ११ नोव्हेंबर १९८५ रोजी किंवा त्यानंतर झालेल्या कामांसाठी आहे, आणि अर्ज फक्त स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडेच करता येतो; नव्या कामाची तपासणी करणाऱ्या खासगी संस्थांना हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नाही. जुन्या कामाची पारख ते काम झाले त्या वेळच्या नियमांवर होते, त्यामुळे काम केव्हा झाले याचा पुरावा मोलाचा ठरतो. ठेकेदाराचे बिल मिळाले नाही तरी खिडकीच्या दोन काचांमधल्या धातूच्या पट्टीवर बॅटरीचा उजेड टाकून पाहावा, कारण तिच्यावर पुष्कळदा काच बनवल्याची तारीख छापलेली असते. रस्त्याची इंटरनेटवरची जुनी छायाचित्रे आणि घराच्या मागच्या विक्रीची जाहिरातही उपयोगी पडते. मात्र जो भाग पाडून नव्याने बांधाल तो आजच्या नियमांप्रमाणेच बांधावा, आणि तसे करणार असल्याचे तपासनीसाला आधीच सांगावे.

ओल कुठून येते ते आधी ओळखा

दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी निदान नीट झाले पाहिजे, कारण या खोल्यांत तीन वेगवेगळ्या प्रकारची ओल एकाच पट्ट्यासारखी दिसते. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत डाग गडद होत असेल तर पाणी बाहेरून आत येते आहे. पाऊस नसताना, कडक थंडीच्या रात्रींनंतर कोपऱ्यांत आणि कपाटामागे ओल दिसत असेल तर ते खोलीतल्याच हवेतले पाणी थंड पृष्ठभागावर जमते आहे. आणि ऋतू कोणताही असो, जमिनीच्या चारही कडांना ओलावा असेल तर तो खालच्या काँक्रीटमधून वर येतो आहे. शेवटच्या शक्यतेसाठी एक साधी परीक्षा आहे: एका कोपऱ्यातले फ्लोअरिंग उचलून उघड्या काँक्रीटवर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा, प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले तर जमिनीत ओलरोधक थर नाही किंवा तो फाटलेला आहे. आमच्याकडे तिन्ही कारणे एकत्र होती, आणि तसे असणे दुर्मीळ नाही.

समोरची भिंत

सर्वांत जास्त चुका याच भिंतीत सापडतात. गॅरेजचे दार काढल्यावर जी मोकळी जागा उरते तिच्याखाली बहुधा पाया नसतोच. तिथे फक्त गाडी आत यायचा काँक्रीटचा उंबरा असतो. घाईचा ठेकेदार त्याच उंबऱ्यावर विटा चढवतो. बाहेरून पाहिले तर जुन्या आणि नव्या विटांच्या सांध्यात उभी सरळ चीर दिसते, कारण नवी भिंत जुनीत दाती घालून गुंफलेली नसते आणि धातूच्या पट्ट्यांनी बांधलेलीही नसते. तपासनीस येण्यापूर्वी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटा खड्डा आपणच खणावा आणि उंबऱ्याच्या काँक्रीटची जाडी टेप लावून मोजावी. पाया अपुरा निघाला तर नवा पट्टीचा पाया घालायचा, बाजूच्या दोन जुन्या पायांवर टेकणारी तुळई टाकून तिच्यावर भिंत उभी करायची, की विटा काढून हलकी लाकडी चौकट बसवायची, हा निर्णय जमिनीचा प्रकार पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने करावा. तो अंदाजाने करू नये.

ओलीचे खरे मर्म जोत्याच्या उंचीत आहे. भिंतीतला ओलरोधक पट्टा बाहेरच्या जमिनीपासून किमान १५० मिमी वर असावा लागतो. गॅरेजचा उंबरा मात्र गाडी सहज चढावी म्हणून ड्राइव्हवेच्या जवळजवळ बरोबरीने असतो, आणि ड्राइव्हवेचा उतार घराकडे असला तर सगळे पावसाचे पाणी भिंतीच्या पायाशी येऊन थांबते. फरशीवर आपटलेले थेंब उडून पट्ट्याच्या वरच्या विटांना भिजवतात. आतून कितीही रंग दिला तरी हे पाणी थांबत नाही. भिंतीलगत हातभर रुंदीचा भाग खणून खाली घेणे, त्यात गोटे भरणे आणि पुढे पाण्याची पन्हळ टाकून तिचे पाणी बागेतल्या शोषखड्ड्याकडे वळवणे हा उपाय टिकाऊ ठरला. ते पाणी मैलापाण्याच्या नळीत सोडू नये. त्याबरोबर भिंतीतला नवा पट्टा योग्य उंचीवर घालून जमिनीतला ओलरोधक थर आतून वर वळवून त्याला जोडावा लागतो. हा जोड तुटका राहिला तर दोन्ही थर असूनही पाणी मधल्या फटीतून आत शिरते.

बाजूची भिंत

गॅरेजची बाजूची भिंत बहुधा एकेरी विटेची, म्हणजे १०२.५ मिमी जाडीची असते. आपल्याकडे जिला चार इंची भिंत म्हणतात तीच ही, मधूनमधून खांबासारखे जाड केलेले पिलर असलेली. वाऱ्याबरोबरचा पाऊस अशा भिंतीतून आरपार येतो, आणि गॅरेज असताना त्याने काही बिघडत नव्हते. तिच्यावर थेट इन्सुलेशनचा बोर्ड चिकटवला की भिंतीला आतून मिळणारी ऊब बंद होते, वीट अधिक काळ ओली राहते, आणि चिकटवण्यासाठी लावलेल्या प्लास्टरच्या गोळ्यांतून तोच ओलावा बोर्डाकडे येतो. आमच्या बोर्डाच्या पाठीवर काळे डाग ठरावीक अंतरावर गोलाकार होते. प्रत्येक डाग म्हणजे एक गोळा.

योग्य रचना अशी की विटेपासून साधारण ५० मिमी मोकळी जागा सोडून आत स्वतंत्र लाकडी चौकट किंवा ब्लॉकची भिंत उभी करायची, चौकटीच्या बाहेरच्या अंगाला बाष्प जाऊ देणारे पण पाणी अडवणारे आवरण, चौकटीत इन्सुलेशन, आणि खोलीच्या बाजूला बाष्परोधक थर व त्यावर जिप्सम बोर्ड. चौकटीची खालची पट्टी ओलरोधक थरावरच टेकली पाहिजे. याची किंमत जागेत मोजावी लागते. गॅरेजची आतली रुंदी पुष्कळदा अडीच मीटरच्या आतच असते आणि या रचनेत त्यातले पंधरा ते वीस सेंटिमीटर एका भिंतीपायी जातात; ठेकेदार बोर्ड चिकटवतात ते मुख्यतः ही जागा वाचवण्यासाठी. जागा गेल्याचे वाईट मलाही वाटले, पण पलंग भिंतीला टेकवून ठेवता येतो आणि गादी ओली होत नाही, हे मी आता रोज पाहतो.

उष्णतेच्या नियमांतले आजचे आकडे असे: गॅरेजच्या जुन्या भिंतीला आतून इन्सुलेशन देताना यू-व्हॅल्यू ०.३०, जमिनीला ०.२५ आणि छताला ०.१६ पर्यंत आणावी लागते, तर दाराच्या जागी नव्याने बांधलेल्या भिंतीला ०.१८ आणि नव्या खिडकीला १.४ लागते. हे आकडे वॅट प्रति चौरस मीटर केल्विनचे आहेत आणि जितका आकडा लहान तितकी उष्णता कमी निसटते. नवीन घटकांचे आकडे जून २०२२ मध्ये अधिक कडक झाले, म्हणून जुन्या कामाची तारीख कळली की त्या वेळचा आकडा तपासनीसाकडून लिहून घ्यावा.

जमीन आणि छत

गॅरेजची जमीन घरापेक्षा पायरीभर खाली आणि दाराकडे उतरती असते. सांडलेले पेट्रोल घरात वाहून येऊ नये म्हणून ही सुमारे १०० मिमीची पायरी मुद्दाम ठेवलेली असते, आणि खोली करताना तीच आपल्या कामी येते, कारण जुन्या काँक्रीटवर १२०० गेजचे पॉलिथिन, त्यावर ७५ ते १०० मिमी जाडीचे पीआयआर (कडक फोमच्या फलकांचे) इन्सुलेशन आणि वर फळ्या किंवा कोबा घातला की जमीन घराच्या पातळीच्या जवळ येते. त्याआधी उतार समतल करून घ्यावा.

छत सपाट असेल तर लाकडी वाशांमध्ये इन्सुलेशन ठासून भरलेले नाही ना, हे पाहावे. वरच्या फळ्यांखाली ५० मिमी खेळती हवा नसेल तर तिथे पाणी साचून वासे कुजतात. उतरते छत असेल तर माळ्यावर चढून शेजारच्या गॅरेजकडे नजर टाकावी. जोड-गॅरेजांत मधली भिंत पुष्कळदा छताच्या पातळीलाच थांबलेली असते आणि वरची पोकळी दोन्ही घरांना सामाईक असते. आपल्याकडे आता माणूस झोपणार आणि शेजारी पेट्रोलची गाडी उभी, म्हणून ती भिंत कौलांच्या खालच्या बाजूपर्यंत आगरोधक पद्धतीने वर न्यावी लागते. हे काम टाळण्याजोगे नाही.

आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट

मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच होता. गॅरेजच्या खोलीचे दार बहुधा स्वयंपाकघरात किंवा बैठकीच्या खोलीत उघडते. स्वयंपाकघरात आग लागली तर आतल्या माणसाला त्या आगीतूनच बाहेर यावे लागेल, म्हणून खोली थेट पॅसेजमध्ये उघडत नसेल तर तिला माणूस बाहेर पडेल अशी खिडकी लागते. तिची उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी किमान ४५० मिमी, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून १,१०० मिमीपेक्षा वर नाही, असा नियम आहे. रुंदी नेमकी ४५० मिमी ठेवली तर उंची सुमारे ७३५ मिमी लागते. माप काचेचे किंवा चौकटीचे घ्यायचे नाही. पल्ला पूर्ण उघडून जी मोकळी जागा हाताला लागते तिचे घ्यायचे. आमच्या खिडकीत फक्त वरची अरुंद झडप उघडत होती. म्हणजे आई-बाबा दोन हिवाळे अशा खोलीत झोपले होते, जिथून स्वयंपाकघराखेरीज दुसरी वाटच नव्हती. पल्ला पुरेसा मोठा असूनही नीट उघडत नसेल तर कधी कधी फक्त बिजागऱ्या बदलून काम होते. आमच्याकडे सबंध खिडकी बदलावी लागली. घरातील धूरसूचक यंत्रे मुख्य वीजपुरवठ्यावर, बॅटरीच्या आधारासह आणि एकमेकांशी जोडलेली असावीत, म्हणजे स्वयंपाकघरातला इशारा याही खोलीत वाजतो.

हवेसाठी खिडकीच्या वरच्या झिरप्या (ट्रिकल व्हेंट, म्हणजे सतत थोडी हवा आत येऊ देणाऱ्या फटी) आजच्या नियमांनुसार दुमजली घरात ८,००० चौरस मिमी क्षमतेच्या हव्यात. खोलीला जोडून शॉवर बसवला असेल तर सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. बॉयलर गॅरेजमध्येच राहिला असेल तर तो आणि त्याचे धुराडे गॅस सेफ या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसाकडून तपासून घ्यावे. जुन्या वायरिंगला दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला आपल्या नावाने मूळ प्रमाणपत्र देता येत नाही; तो सद्यस्थितीचा तपासणी अहवाल देतो आणि तपासनीस सहसा तोच मागतो.

प्रत्यक्ष क्रम

मी ज्या क्रमाने गेलो तो मला आजही बरोबर वाटतो. आधी स्वतः दोन-तीन ठिकाणी भोके पाडून, खड्डा खणून आणि टेप शेजारी ठेवून छायाचित्रे काढली. मग साधा आराखडा, छायाचित्रे आणि दुरुस्तीचा प्रस्ताव जोडून अर्ज केला. तपासनीस आला तेव्हा त्याने दोन अधिक ठिकाणी उघडायला सांगितले आणि दुरुस्तीची यादी लेखी दिली. काम सुरू झाल्यावर पाया, ओलरोधक थर आणि इन्सुलेशन हे तिन्ही टप्पे झाकण्याआधी त्याला बोलावले. इथे ठेकेदाराची घाई आडवी येते. आमच्या दुसऱ्या ठेकेदारानेही ‘बोर्ड लावून टाकतो, फोटो आहेत ना’ असे म्हटले होते, आणि मी त्याला दोन दिवस थांबवले. झाकलेले काम दाखवण्यासाठी पुन्हा उघडावे लागले असते.

प्लॅनिंग परवानगीचा, म्हणजे जागेचा वापर बदलण्याच्या परवानगीचा, प्रश्न याहून वेगळा आहे आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचे प्रमाणपत्र त्याचे उत्तर देत नाही. गॅरेज आतल्या आत खोलीत बदलायला बहुधा परवानगी लागत नाही, परंतु वसाहतीच्या मूळ परवानगीत ‘गॅरेज गाडी ठेवण्यासाठीच राखावे’ अशी अट असू शकते, आणि खोलीला स्वतंत्र दार, स्वयंपाकघर देऊन ती भाड्याने दिली तर परवानगी लागते. मूळ परवानगीचे कागद कौन्सिलच्या संकेतस्थळावर सहसा सापडतात. अर्ज करण्यापूर्वी ते वाचून घ्यावेत.

प्रमाणपत्र आल्यावर त्याची प्रत सॉलिसिटरसाठी, आणि भिंत उघडी असतानाची सगळी छायाचित्रे, तपासनीसाची यादी व विजेचा अहवाल हे सारे एकाच फाइलमध्ये ठेवावे. घराच्या विमा कंपनीला खोलीचा बदल कळवावा. रंगाची घाई मात्र करू नये: नवे प्लास्टर पूर्ण सुकून फिकट दिसू लागेपर्यंत थांबावे, आणि पहिल्या नोव्हेंबरात, पावसाच्या आठवड्यानंतर, स्कर्टिंगच्या वर हात फिरवून पाहावा.